शिलाई मशीन आणि हिशेबाची वही



आंबेगाव तालुक्यातील एका ताईंचे पत्र आमच्याकडे आले आहे. नाव छापू नये असे त्यांनी कळविले आहे, म्हणून देत नाही. पत्र चांगले दोन पानांचे आहे. त्यातील मुद्दा असा की, जिल्हा परिषदेच्या मागासवर्गीय निधीतून मिळालेले त्यांचे पायाचे शिलाई मशीन २०२० सालच्या टाळेबंदीत रात्रंदिवस चालले. वाडीतल्या लोकांना, ग्रामपंचायतीला, आशाताईंना, मुंबईहून गावी परतलेल्या भाऊबंदांना त्यांनी मास्क शिवून दिले. सातशेच्या वर शिवले, असे त्या लिहितात. त्यानंतर मशीनवर जुने लुगडे झाकले ते आजपर्यंत तसेच आहे. आता घरातली मंडळी म्हणतात, "जागा अडते. तयार कपडे बाजारात स्वस्त मिळतात. भंगारवाल्याला देऊन टाक." त्या विचारतात, "काय करू? आणि मी तेव्हा एवढे शिवले त्याची किंमत काय झाली?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते. ताई, मशीन विकू नका. दुसऱ्या प्रश्नाला मात्र वही-पेन्सिल घेऊन बसावे लागेल, आणि आम्ही कारकुनी करणारी माणसे असल्यामुळे ते काम आम्हांला आवडते.

आधी तो काळ थोडा आठवू या. २४ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून देशभर एकवीस दिवसांची टाळेबंदी लागली. ते एकवीस दिवस बरोबर १४ एप्रिलला संपत होते. परमपूज्य बाबासाहेबांच्या १२९ व्या जयंतीच्याच दिवशी टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढल्याचे जाहीर झाले. मिरवणूक नाही, सभा नाही, भोजनदान नाही. घराघरांत प्रतिमेपुढे मेणबत्ती लावून वंदना झाली. जुन्नर-आंबेगावातील कितीतरी कुटुंबे पोटासाठी मुंबईला. भाजी मार्केटात, हमालीत, डबे पोहोचविण्यात, घरकामात. त्यांचे काम एका रात्रीत थांबले. जसे जमेल तसे लोक गावी आले आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत नाहीतर घराच्या पडवीत चौदा दिवस वेगळे राहिले. इकडे नारायणगाव, मंचर, ओतूर, घोडेगावची दुकाने बंद. कापडाचे दुकान बंद, दोऱ्याचे दुकान बंद. आणि मास्क तर प्रत्येकाला पाहिजे.

तेव्हा कोणते कापड कामाला आले? जयंतीच्या पताकांसाठी आणून ठेवलेले निळे कापड! आमच्याकडे त्या उन्हाळ्यात वाडीच्या वाडी निळे मास्क लावून हिंडत होती, त्याचे कारण हे. ते संपल्यावर जुन्या सुती साड्या, घरधन्याचे विटलेले सदरे, उशीचे अभ्रे निघाले. ज्या मशीनवर वर्षातून चार परकर शिवले जायचे त्या मशीनला सुई पुरेना. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले, पश्चिम भागात कित्येकांचे पत्रे उडाले, तेव्हाही एका भगिनीने सर्वांत आधी मशीन उचलून मधल्या खोलीत नेले आणि मग धान्याकडे पाहिले, हे आम्ही स्वतः जाणतो. तिचे चूक होते असे आम्हांला वाटत नाही. धान्य रेशनला पुन्हा मिळाले असते.

आता हिशेब. घरी शिवायच्या मास्कचे माप तेव्हा सर्वांना पाठ झाले होते. मोठ्या माणसासाठी नऊ इंच बाय सात इंचाचा तुकडा, असे तीन तुकडे एकावर एक. ३६ इंची पन्ह्याचे एक मीटर कापड घ्या. मीटर म्हणजे ३९ इंचांना थोडे जास्त. पन्ह्यात नऊ इंचाचे चार तुकडे बसतात, लांबीत सात इंचाचे पाच. चार पंचे वीस तुकडे. सहा मास्कना अठरा लागले, दोन उरले. त्यात घरातला एक जुना सुती तुकडा घातला की सातवा मास्क होतो, पण तो आपण धरायचा नाही. नाड्या साडीच्या काठाच्या किंवा दीड इंचाच्या चिंध्या दुमडून केलेल्या. म्हणजे मीटरला सहा मास्क.

कापडाचा भाव मीटरला ६० रुपये धरला तर एका मास्कला कापड १० रुपयांचे. दोरा, सुई, मशीनचे तेल मिळून आठ आणे. आणि मजुरी? सवय झालेल्या बाईला कापणे, चुण्या घालणे, टीप मारणे, नाड्या लावणे, इस्त्री फिरविणे यांस बारा मिनिटे लागतात. तासाला पाच नग. २०२०-२१ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला २३८ रुपये होता. खड्डा खणणाऱ्याला जो दर, तोच शिवणारीला लावू. आठ तासांनी भागले तर तासाला २९ रुपये ७५ पैसे. पाच नगांनी भागले तर नगाला ५ रुपये ९५ पैसे. म्हणजे कापड, साहित्य आणि मजुरी धरून एक मास्क साधारण साडेसोळा रुपयांना पडला.

ताई, तुमच्या सातशे मास्कना १४० तास लागले. म्हणजे साडेसतरा दिवसांची मजुरी, ४,१६५ रुपये. कापडाचे आणि दोऱ्याचे वेगळे. हा तुमच्या प्रश्नाचा आकडा. सातशेच्या वर जे शिवले ते यात नाहीत.

हा आकडा कोणी मागितला नव्हता आणि कोणी लिहिलाही नाही. का लिहिला नाही? कारण त्या कामाला सर्वांनी एकच शब्द लावला, सेवा. सेवेला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये माता सावित्रीमाईंनी हडपसरजवळच्या माळावर मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा केली. मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मूल त्यांनी पाठीवर आणले, आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्या सेवेची किंमत कोण करणार? परंतु ज्या घरात पगार सुरू आहे त्या घरातल्या बाईने शंभर मास्क फुकट दिले तर ती सेवा. ज्या घरात नवऱ्याची हमाली बंद, स्वतःची द्राक्षबागेतली नाहीतर कांद्यातली मजुरी बंद, त्या बाईकडून शंभर मास्क फुकट घेतले तर त्याला दुसरे नाव आहे, आणि त्या नावाविरुद्ध आपल्या बापजाद्यांनी १९२७ पासून लढा दिला आहे. वेठ.

आणखी एक प्रकार घडला. एका पुरवठादाराने काही वाड्यांत कापलेले कापड पाठविले आणि नगाला दोन रुपये देऊ केले. काही भगिनींनी घेतले, कारण घरात काहीच येत नव्हते. दिवसभर पाय मारून चाळीस मास्क झाले तर ऐंशी रुपये. रोजगार हमीपेक्षा १५८ रुपये कमी. वरून शिवणारीने म्हणायचे, "बसल्या जागी काम मिळाले, हे काय थोडे झाले?" बसल्या जागी काम म्हणजे कमी काम, हा समज कोणी पसरविला कोण जाणे. पायाचे मशीन आठ तास चालवून पाहावे. पोटऱ्या रात्रभर बोलतात.

राज्यात उमेद अभियानाच्या बचत गटांनी त्या काळात मोठ्या संख्येने मास्क शिवले. तेथे निदान गटाची वही होती, नगांची नोंद होती. आपल्या अनेक महिला मंडळांनी मनापासून काम केले पण वही ठेवली नाही. जुन्नर तालुक्यातील एका मंडळाने मात्र पहिल्याच आठवड्यात नियम केला. कापडाला वर्गणी. ज्यांच्या घरात पगार आहे त्यांनी फुकट शिवायचे, ज्यांच्या घरात काहीच येत नाही त्यांना नगाला पाच रुपये. वाद झाला. ज्या दोघींना पैसे मिळायचे होते त्याच घ्यायला तयार होईनात. "समाजाच्या कामाचे पैसे कसे घ्यायचे? लोक काय म्हणतील?" शेवटी मंडळाच्या अध्यक्ष आजी म्हणाल्या, "अगं, किराणावाला काय म्हणतो ते आधी बघ." पैसे घेतले गेले. पाच रुपये म्हणजे पुरते पाच पंच्याण्णव नव्हेत, तरीही बरे.

दानाच्या कामात हिशेब आणला म्हणजे दान बाटते, असे ज्यांना वाटते त्यांनी नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत जावे. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्याने भिक्खूसंघासाठी ३,००० कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. त्यातील २,००० वर शेकडा एक असे व्याज, आणि त्या व्याजातून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण. मुद्दल परत मागायचे नाही, व्याजच खर्चायचे. आता आमच्यासारख्या वाणिज्य शाखेच्या माणसाने हा हिशेब तपासला नाही तर तो पदवीधर कसला? दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला २४०. वीस भिक्खूंना बारा-बारा, म्हणजे २४०. पैशाला पैसा जुळतो! चीवराचे दान केले, पण विणकरांच्या श्रेणीशी रीतसर व्यवहार केला, रक्कम दगडावर कोरली आणि सर्वांनी वाचावी अशा जागी लावली. आपल्या जुन्नरलाही मानमोडीच्या डोंगरात याच नहपानाचा अमात्य अयम याने मंडप आणि पाण्याची पोढी दिल्याचा लेख आहे. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे दिल्याचा, बांबूकाम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणींकडे दानाची ठेव ठेवल्याचाही उल्लेख जुन्नरच्या लेखांत सापडतो. लेण्याद्रीला, तुळजा लेणीला आपण सहलीला जातो, पायऱ्या चढून दमतो, फोटो काढतो. पोरांना हे कोणी सांगत नाही की येथल्या कष्टकऱ्यांच्या संघटनांवर लोक ठेवी ठेवीत होते. सांगायला हवे.

त्या काळातला एक जुना वाद येथेच मिटवून टाकतो, कारण पत्रात त्याचाही उल्लेख आहे. वाडीतले एक वृद्ध तात्या मास्क लावायला तयार नसत. म्हणायचे, "आमच्या खापरपणज्याच्या गळ्यात पेशव्यानं मडकं बांधलं, आता तुम्ही आमच्या तोंडाला फडकं बांधता होय?" पुण्यात पेशवाईत अस्पृश्याला गळ्यात मडके बांधून फिरावे लागे हे बाबासाहेबांनी 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या १९३६ च्या भाषणात लिहून ठेवले आहे, तेव्हा तात्यांचे दुःख खोटे नव्हते. शिवाय जिकडे तिकडे 'सोशल डिस्टन्सिंग' हा शब्द कानी पडत होता. सामाजिक अंतर! आपल्याला ते कोणी शिकवायला नको होते. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच 'शारीरिक अंतर' हा शब्द वापरायला सुरुवात केली, पण आपल्याकडे जुनाच शब्द रुजला.

आम्ही तात्यांना मुंबईच्या गिरण्यांची गोष्ट सांगितली. गिरणीत साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, मजुरी जास्त होती, पण तेथे आपल्या माणसाला घेत नसत. का? तर नवी कांडी धोट्यात घालताना धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि आपल्या तोंडाचा धागा शेजाऱ्याला विटाळ होई. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. त्या तोंडाने ओढायच्या धाग्यामुळे क्षयासारखे रोग एकाचे दुसऱ्याला होण्याची खरी भीती होती. पण मालक काय, कामगार काय, कोणाला रोगाची भीती वाटली नाही, जातीची वाटली. म्हणून तात्यांना म्हटले, मडके एकाच्याच गळ्यात होते. मास्क सरपंचाच्याही तोंडाला आहे, पाटलाच्याही आणि फौजदाराच्याही. तुमच्या तोंडाचे थेंब त्यांच्यावर उडू नयेत तसेच त्यांचे तुमच्यावर उडू नयेत. तात्यांनी विचार केला आणि म्हणाले, "पाटलानं लावलाय का ते मी आधी बघून येतो." पाहून आले आणि मग लावला. निळाच मागून घेतला.

असो. आता मशीनवरचे लुगडे काढू या.

मास्कचे काम आज पूर्वीसारखे नाही. घरी खोकल्याचा रुग्ण असेल, क्षयाचे औषध सुरू असेल, तर दवाखान्यातला मास्क कापडी मास्कपेक्षा चांगला, हे आता सर्वांना कळले आहे. पण कांद्याच्या चाळीत, मळणीच्या भुश्यात, झाडलोटीत तीन पदरी सुती मास्क चांगला उपयोगी पडतो. औषध फवारणीला मात्र त्याच्यावर भरवसा ठेवू नये, तेथे तो निरुपयोगी आहे. शिवताना कापड आधी मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवून वाळवा. चुण्यांची तोंडे बाहेरच्या बाजूने खाली ठेवा, नाहीतर धूळ चुणीत साठते. माणशी दोन करा, एक धुण्यात, एक तोंडाला.

दुसरी वस्तू पाळीच्या दिवसांची घडी. यावर कुटुंबाच्या पानात लिहू नये असे एका वाचकाने मागे कळविले होते. आम्ही लिहिणार. टाळेबंदीच्या पहिल्या दिवसांत दुकाने बंद झाली तेव्हा शिकत्या मुलींची जी अडचण झाली ती त्यांनी बापाला सांगितली नाही आणि बापाने विचारली नाही. जुन्या मऊ सुती साडीचे चार-पाच पदर, वर-खाली फलालीन. लांबी नऊ-दहा इंच, रुंदी अडीच ते तीन इंच, मधोमध दोन्ही बाजूंना पंखासारखे तुकडे काढून त्यांना टिचबटण. कडेने टीप, मध्ये दोन उभ्या टिपा, म्हणजे पदर गोळा होत नाहीत. वापरलेली घडी आधी थंड पाण्यात भिजवावी, मग साबणाने धुवावी. गरम पाण्यात प्रथम टाकली की डाग बसतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, ती उन्हात दोरीवर वाळवावी. माळ्यावर, चुलीमागे, दुसऱ्या कपड्याखाली लपवून वाळविलेल्या दमट कापडाने आजार होतात. ऊन फुकट आहे. लाज कसली वाटायची त्याची?

पिशवी सर्वांना येते, म्हणून एकच सूचना. जुन्या पँटच्या पायाची पिशवी करताना तळाला टीप दोनदा मारा आणि बंद वरच्या कडेला नुसते चिकटवू नका, तीन इंच खाली उतरवून चौकोनी टीप मारा. बटाट्याने बंद तुटतो तो तेथेच. पोरांच्या दप्तराची चेन बदलणे, गणवेशाची उसवलेली शिवण, आखूड झालेल्या झग्याला झालर, ही कामे वाडीत रोजची आहेत आणि त्यांसाठी लोक तालुक्याला जातात. गाडीभाडे जाते ते वेगळेच. ताई, तुमच्या दारावर एक पाटी लावून पाहा, मग मशीन जागा अडवते की नाही हे घरच्यांना पुन्हा विचारू.

आता पंचशील ध्वज. २०२० साली ७ मेच्या बुद्धपौर्णिमेला दुकाने बंद म्हणून काही घरांत तो हाताने शिवला गेला आणि बाजारच्या ध्वजापेक्षा देखणा झाला. १८८५ साली श्रीलंकेत पहिल्यांदा फडकलेल्या या ध्वजाची रचना सोपी आहे, पण माप चुकले की बेढब दिसतो. तयार ध्वज ३६ इंच लांब आणि २५ इंच उंच धरू. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी असे पाच उभे पट्टे, प्रत्येकी सहा इंच रुंद. सहावा उभा पट्टा तेवढाच रुंद, पण त्यात हेच पाच रंग वरून खाली आडवे, प्रत्येकी पाच इंच उंच. प्रत्येक रंगाचे ३६ इंची पन्ह्याचे पाव मीटर कापड पुरते, म्हणजे एकूण सव्वा मीटर. कापताना शिवणीसाठी दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच सोडायचा. उभा पट्टा सात बाय सव्वीस, आडव्यासाठी तुकडा सात बाय सहा. फक्त निळा उभा पट्टा नऊ इंच रुंद कापा, कारण त्याच्या बाहेरच्या बाजूला काठीसाठी नेफा दुमडायचा आहे. आधी पाच आडवे तुकडे जोडून सहावा पट्टा तयार करा, मग सगळे उभे पट्टे जोडा, शेवटी कडा दुमडा. शिवणी आतून उलट्या दिशेला दाबून दुसरी टीप मारली तर वाऱ्यात उसवत नाही. लाल कापड आधी मिठाच्या पाण्यात भिजवून पाहा. रंग सोडत असेल तर बदला, नाहीतर पहिल्याच पावसात शेजारचा पांढरा पट्टा गुलाबी होईल.

हे काम मुलग्यांना द्यावे, असा आमचा आग्रह आहे. "पुरुषाने सुई धरायची काय?" असे कोणी म्हटले तर त्याला भिक्खूंच्या आठ परिष्कारांची यादी विचारावी. तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, कमरपट्टा, पाणी गाळण्याचे फडके आणि सुई. जुन्नरच्या डोंगरात ज्या खोल्या आहेत त्यांतल्या प्रत्येक भिक्खूजवळ सुई होती आणि तो आपले चीवर आपण शिवत असे. विनयपिटकात कथा आहे. मगध देशातली बांध घातलेली, चौकोन-चौकोनांची शेते पाहून भगवंतांनी आनंदाला विचारले की असे चीवर तुला शिवता येईल काय, आणि आनंदाने तुकडे जोडून तसे शिवून दाखविले. आपल्या पश्चिम पट्ट्यात, घोड नदीच्या आणि डिंभ्याच्या वरच्या अंगाला, आषाढात भातखाचरे भरलेली पाहा. चीवराचा नमुना समोरच पसरलेला दिसेल. पुरुषांच्या संघाने दोन-अडीच हजार वर्षे सुई वापरली आणि आपल्या घरात बाप शर्टाचे बटण घेऊन लेकीच्या मागे फिरतो.

मशीन बरेच दिवस बंद असेल तर एकदम पाय मारू नका. आधी चाकाची वादी पाहा. चामडी वादी सुकून तडकलेली असते, ती बदलावी लागते, फार पैसे पडत नाहीत. धोट्याच्या घरातला जुना दोरा आणि धूळ ब्रशने काढा. सर्व छिद्रांत दोन-दोन थेंब मशीनचेच तेल घाला, खोबरेल नव्हे, खोबरेल थंडीत गोठते. सुई नवी लावा. चिंधीवर दहा मिनिटे टिपा मारा म्हणजे जादा तेल चिंधीला लागेल, नव्या कापडाला लागणार नाही.

आणि मशीनच्या फळीवर एक चाळीस पानी वही बांधून ठेवा. तारीख, काम, किती कापड, किती वेळ, पैसे आले किती. फुकट दिले असेल तरी वेळ लिहा आणि पैशाच्या रकान्यात 'दान' असे लिहा. घरच्यांच्या कामाचाही वेळ लिहा. महिन्याच्या शेवटी बेरीज करून घरधन्याला दाखवा, भांडणासाठी नव्हे, त्यालाही बेरीज येते की नाही ते पाहण्यासाठी. मशीन तुमच्या नावावर मंजूर झाले आहे, तेव्हा ते राहील की जाईल हे घरात ठरताना तुमची सही लागते, हेही त्याला सांगून ठेवा.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यातील ज्या महिला मंडळांनी व भगिनींनी २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत मास्क, घड्या, ध्वज असे काही शिवले असेल, त्यांनी आठवून पोस्टकार्डावर चार गोष्टी कळवाव्यात: किती नग, कापड कोणी दिले, किती दिवस लागले, हातात काय आले. आकडा अंदाजाने असला तर तसे लिहावे. नाव नको असेल तर वाडीचे नाव पुरे. आलेली पत्रे क्रमाने या पानात छापू, बेरीज आम्ही करू.

पुढील अंकात जुन्या लुगड्यांची गोधडी, एकेरी आणि जोडाची, दोन्हींची मापे.

जयभीम, नमो बुद्धाय.